बारावीची परीक्षा आठवीतच सुरू होते

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यास मंडळाच्या वतीने पालक आणि आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने यंदा आमच्या मंडळाकडे जरा वेगळा विषय सोपवला आहे. देशातल्या ज्या महाविद्यालयांत प्रवेश मिळणं सर्वांत कठीण, तिथे आपली मुलं कशी पोहोचतील आणि त्याची तयारी केव्हापासून करायची, हा तो विषय. विहारात हे कशाला, क्लासवाल्यांचं काम क्लासवाले करतील, असं काहींच्या मनात येईल. म्हणून सुरुवात नालंदापासूनच करतो.

नालंदा हे विद्यापीठ म्हणून आपण सांगतो, पण ते मुळात महाविहार होतं. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग तिथे येऊन राहिला, शिकला. त्याने लिहून ठेवलं आहे की नालंदाच्या दारावरच प्रवेशासाठी आलेल्यांना अवघड प्रश्न विचारले जात आणि दहातले सात-आठ जण तिथूनच परत जात. जुन्या-नव्या विद्यांचा पाया पक्का करून आलेल्यालाच आत घेत. म्हणजे कठीण प्रवेश परीक्षा ही काही आजची गोष्ट नाही, आणि विहाराला परकी तर नाहीच नाही. दारावर उभं राहिल्यावर तयारी सुरू करणारा परत जातो, एवढं त्या दारानं तेव्हाच सांगितलं होतं.

दुसरं उदाहरण तुम्हा आम्हा सर्वांना पाठ आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी आणि त्यांचं कुटुंब राहात होतं. पहाटे दोनला उठून भीमराव अभ्यास करीत. शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. गुरुजी पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला. त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज, १९१२ ला बी.ए., आणि १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर थेट कोलंबिया विद्यापीठ.

हा इतिहास आपण जयंतीला सांगतो आणि टाळ्या घेतो. पण त्यातली एक गोष्ट आपल्या लक्षात राहात नाही. केळुसकर गुरुजींनी भीमरावांना हेरलं ते शाळेत असताना. कोलंबियाची वाट त्या बागेतून गेली. आपल्या वस्तीत आज किती मुलं-मुली आठवी-नववीत आहेत, त्यांच्यातलं कोण गणितात तरबेज आहे, कोण दिवसभर वाचत बसतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? दहावीचा निकाल लागला की आपण सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो. तोपर्यंत निम्मी दारं बंद झालेली असतात.

दारं कशी बंद होतात ते समजून घ्या. आय.आय.टी. मध्ये जायचं तर अकरावी-बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतं. डॉक्टर व्हायचं तर जीवशास्त्र लागतं. खडकवासल्याच्या एन.डी.ए. तून हवाई दलात किंवा नौदलात जायचं तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं, आणि २०२२ पासून तिथे मुलीही जातात. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्रात बी.ए. ऑनर्स करायचं तर बारावीला गणित हवं. बाबासाहेबांचा तो विषय! आपल्याकडे 'आर्टला गेला' म्हणजे गणित सुटलं असं धरूनच चालतात, आणि गणिताबरोबर अर्थशास्त्राचं ते दार सुटलं हे घरात कुणाला माहीतही नसतं. कायद्याचं दार मात्र सर्व शाखांना उघडं आहे. नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांत क्लॅट या परीक्षेतून बारावीनंतर जाता येतं. आपल्या मुलांना याची कल्पनाच नसते.

हा निर्णय दहावीच्या निकालानंतरच्या आठ दिवसांत होतो. तो कोण करतं? शेजारचा मुलगा, नाहीतर नेट कॅफेवाला. घरात विचार झालेला असेल तर तो नववीतच झालेला असावा लागतो.

आता अभ्यासाकडे येऊ. पालक म्हणतात, नीट आणि जे.ई.ई. चा अभ्यास अकरावी-बारावीचा, मग आठवीपासून काय करायचं? नववीचं विज्ञानाचं पुस्तक उघडून बघा. पहिलाच धडा गतीचे नियम. पुढे कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, द्रव्याचे मोजमाप. या 'द्रव्याचे मोजमाप' मध्ये मोल ही संकल्पना येते. ज्याला ती नववीत कळली नाही त्याला अकरावीचं रसायनशास्त्र पहिल्या महिन्यातच डोंगरासारखं वाटतं. त्रिकोणमिती नववीत सुरू होते, वर्गसमीकरणं दहावीत येतात. अकरावीचं भौतिकशास्त्र या दोन पायांवर उभं आहे. आमच्या मंडळाकडे अकरावीची मुलं येतात आणि म्हणतात, फिजिक्स कळत नाही. जवळ बसून पाहिलं तर त्यांचं फिजिक्स अडलेलं नसतं, अपूर्णांक आणि गुणोत्तर अडलेलं असतं. ते सहावी-सातवीचं आहे. पाठांतरावर दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळून जातात आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक चाललंय.

म्हणून आठवी-नववीत करायचं काम अगदी साधं आहे. रोज एक तास गणित, हाताने सोडवून. उत्तर आलं तरी 'असं का?' हे दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे. विज्ञानातला प्रत्येक नियम स्वतःच्या शब्दांत लिहायचा. आणि रोज अर्धा तास अभ्यासाबाहेरचं वाचन, मग ते वर्तमानपत्र असो, चरित्र असो, काहीही असो. क्लॅटची प्रश्नपत्रिका दोन तासांची, १२० प्रश्नांची असते आणि जवळजवळ सगळी उताऱ्यांवर असते. वाचायची सवय नसलेल्या मुलाला ती वेळेत संपत नाही, आणि ही सवय काही बारावीनंतरच्या दोन महिन्यांत लागत नाही.

धम्मात सम्यक व्यायाम सांगितला आहे, त्याचे चार भाग तुम्ही इथेच ऐकले आहेत. न आलेली वाईट गोष्ट येऊ द्यायची नाही, आलेली टाकून द्यायची, न आलेली चांगली गोष्ट आणायची आणि आलेली वाढवायची. विद्यार्थ्याच्या दिवसाला हे जसंच्या तसं लागू आहे. मोबाईलवर रात्री बारापर्यंत जागण्याची सवय लागली नसेल तर लागू देऊ नका, लागली असेल तर सोडा. पहाटेची सवय नसेल तर लावा, असेल तर टिकवा. आई-बाबांनो, यात तुमचाही वाटा आहे. मूल अभ्यासाला बसलं असता घरातला टी.व्ही. बंद ठेवणं हे पैसे न लागणारं दान आहे.

मराठी माध्यमाबद्दल बरेच पालक विचारतात. नीट आणि जे.ई.ई. मेन या दोन्ही परीक्षा मराठीतूनही देता येतात. पण जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड, जिच्यातून आय.आय.टी. चा प्रवेश होतो, ती फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. क्लॅट इंग्रजीतच असते. आणि प्रवेश मिळाल्यावर वर्गातलं शिकवणं बहुतेक ठिकाणी इंग्रजीत चालतं. यावर घाबरून आठवीत माध्यम बदलू नका. विषय मराठीत नीट समजून घ्या आणि सोबत एक वही ठेवा. संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, आम्लारी म्हणजे बेस, अशी रोज पाच शब्दांची नोंद करा. आठवी ते दहावी या तीन वर्षांत हजारो शब्द होतात. अकरावीत पहिल्या दिवशी सर इंग्रजीत बोलू लागले की तुमचं मूल मागच्या बाकावर गप्प बसणार नाही.

आता क्लासचा प्रश्न. आठवीपासूनचे 'फाउंडेशन' वर्ग सगळीकडे निघाले आहेत आणि त्यांची फी ऐकून माणसाला घाम फुटतो. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून फी भरणारी घरं आपल्यात आहेत. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लासबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला क्लासने प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावे, असं त्यात सांगितलं आहे. कोट्यासारख्या शहरात मुलांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या, त्यानंतरच्या या सूचना आहेत. लवकर तयारी करायची याचा अर्थ तेरा वर्षांच्या मुलाला घाण्याला जुंपायचं असा आम्ही घेत नाही. त्याचा पाया पक्का करायचा, त्याला दारं दाखवायची आणि कागद तयार ठेवायचे, एवढाच अर्थ घेतो. यातल्या कशालाही लाख रुपये लागत नाहीत. एन.सी.ई.आर.टी. ची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. आय.आय.टी. कानपूरने चालवलेलं 'साथी' हे शासकीय संकेतस्थळ २०२३ पासून मोफत शिकवतं. जुन्या प्रश्नपत्रिकाही फुकट मिळतात. क्लास लावायचाच तर अकरावीला, ऐपत पाहून, आणि तिथे शिकून बाहेर पडलेल्या मुलांना भेटून मगच लावा.

आणखी एक सावधगिरी. बारावीच्या बोर्डाला कमी लेखू नका. आय.आय.टी. साठी बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाईलमध्ये असणं बंधनकारक आहे. नुसत्या प्रवेश परीक्षेच्या मागे धावून बोर्डात मागे पडलेलं मूल दारापर्यंत जाऊन परत येतं.

आता ज्या गोष्टीवर आमचा सर्वांत जास्त भर आहे ती सांगतो. ती म्हणजे कागदपत्रं. अभ्यासात मागे पडलेलं मूल एक वर्ष जास्त घेऊन वर येतं. कागदाअभावी गेलेली जागा त्या वर्षी परत येत नाही.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर राज्यात नवबौद्धांना सवलती मिळाल्या, पण केंद्रात त्या मिळत नव्हत्या. १९९० साली अनुसूचित जातींबाबतच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. त्यासाठी समाजाला चौतीस वर्षं लढावं लागलं. आज केंद्राच्या संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा आहेत. राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मिळून १३ टक्के आहेत. पण केंद्राच्या संस्थेसाठी केंद्राच्याच नमुन्यातला जातीचा दाखला लागतो, ज्यात १९९० च्या दुरुस्तीचा उल्लेख असतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन 'आहे की आमच्याकडे' म्हणून पालक निर्धास्त राहतात आणि ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलच्या रांगेत उभे राहतात. मुदत दिवसांवर असते. चौतीस वर्षांनी मिळालेला हक्क एका नमुन्यावरून हातचा जाऊ देऊ नका.

राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आता सांगा, आपले आजोबा-पणजोबा तेव्हा शाळेत किती गेले होते? शाळा सोडल्याचा दाखला आणणार कुठून? मग गावी जावं लागतं. कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने फेरफार, वतनाचे कागद शोधावे लागतात. काही नोंदी मोडीत असतात, त्या जाणकाराकडून वाचून घ्याव्या लागतात. याला महिने जातात. घरात काका, आत्या, मोठा भाऊ अशा रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं, म्हणून आधी ते विचारा. मूल नववीत गेलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक दिवस तलाठी कार्यालय आणि तहसीलसाठी राखून ठेवा. आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधारवरचं स्पेलिंग हे सगळं एकसारखं आहे का ते दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी तपासा. नंतर दुरुस्ती करायला फार यातायात पडते.

पैशाचंही तसंच. आठवीतल्या मुलांसाठी एन.एम.एम.एस. नावाची परीक्षा असते. ती शासकीय, पालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलांसाठी आहे. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. आठवी गेली की ही संधी गेली. दहावीनंतर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ती १९४४ साली सुरू झाली आणि तिच्यामागे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असलेल्या बाबासाहेबांचा आग्रह होता. शासकीय वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. आय.आय.टी. मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचं शिक्षण शुल्क २०१६ पासून पूर्ण माफ आहे. 'तिथली फी आपल्याला झेपायची नाही' असं म्हणून मुलाला आधीच मागे ओढू नका.

तरीही थोडी रोकड ऐनवेळी लागतेच. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला आय.आय.टी. धनबादला जागा मिळाली. जागा पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये भरायचे होते. घरच्यांनी धावपळ करून पैसे जमवले, पण मुदतीच्या शेवटच्या मिनिटांत भरणा झाला नाही आणि जागा गेली. तो मुलगा आपल्याच दलित समाजातला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. त्याला न्याय मिळाला. पण प्रत्येक मूल दिल्लीपर्यंत कसं जाणार? सतरा हजार पाचशे रुपये! एवढी रक्कम तर आपण एका मिरवणुकीत डी.जे. वाल्याला देतो. विहाराने प्रवेशाच्या दिवसांसाठी एक छोटा निधी वेगळा ठेवावा, त्यातून बिनव्याजी रक्कम तासाभरात मिळावी आणि मुलाने शिष्यवृत्ती आल्यावर ती परत करावी, अशी आमच्या मंडळाची समितीला जाहीर विनंती आहे.

मुलींबद्दल दोन शब्द. मुलीला बाहेरगावी ठेवायचं म्हटलं की घर गप्प होतं. मग जवळचं कॉलेज, जवळची शाखा, आणि पुढे जवळचं स्थळ. आईंनो, ही चर्चा तुम्ही मुलगी आठवीत असतानाच घरात काढा. चार वर्षं बोलून-बोलून जी गोष्ट अंगवळणी पडते ती निकालाच्या दिवशी एकदम बोलली तर भांडण होतं.

शेवटी मुलांनो, तुमच्याशी. या परीक्षा कठीण आहेत. २०२५ साली नीटसाठी २२ लाखांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलं होतं. आय.आय.टी. च्या सगळ्या मिळून जागा सुमारे १८,००० आहेत. तयारी करणाऱ्या प्रत्येकाला जागा मिळेल असं आम्ही सांगणार नाही, ते खोटं होईल. जागा नाही मिळाली तर तुमची किंमत कमी होत नाही. पक्कं गणित, वाचनाची सवय आणि चांगलं इंग्रजी घेऊन तुम्ही जिथे जाल तिथे उभे राहाल. आणि जागा मिळाली तर तिथे कुणीतरी 'कोट्यातला' म्हणून बोलेल, हेही आत्ताच ऐकून ठेवा. पहाटे दोनला उठणाऱ्या विद्यार्थ्यालाही लोक बोललेच होते. राखीव जागा हा संविधानाने दिलेला हक्क आहे, भीक नव्हे. मान खाली घालू नका, एकटे पडू नका, आणि मनाला त्रास झाला तर त्या दिवशी घरी नाहीतर इथे फोन करा. विहार तुम्ही गेल्यावरही तुमचाच आहे.

येत्या रविवारपासून संध्याकाळी सहा ते आठ या सभागृहात आठवी ते दहावीचा गणिताचा वर्ग सुरू होतो आहे. शिकवायला आपल्याच वस्तीतली इंजिनिअरिंग आणि बी.एस्सी. ची मुलं-मुली आहेत. फी नाही. वही, पेन आणि शाळेचं पुस्तक आणायचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पालकांनी कागदपत्रांची फाईल घेऊन यायचं, मंडळाचे कार्यकर्ते ती तपासून देतील. पालकांनो, आज घरी जाताना दारावरच्या वहीत आपल्या मुलाचं नाव, इयत्ता आणि शाळा लिहून जा. आपल्या वस्तीत आठवीत कोण आहे हे आम्हाला माहीत झालं पाहिजे. पुढचं काम तिथून सुरू होतं.

जयभीम! नमो बुद्धाय!